सोमवारचा आकडा

मला थांबता येत नाही. दूध वर येईपर्यंत गॅसजवळ उभं राहणं जमत नाही, म्हणून माझं दूध कायम उतू जातं. बस लागेपर्यंत मी स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालते. माझी आई शरणम्मा माकणीतल्या शेजारणींना सांगते, "आमच्या शिवगंगेच्या पायाला भिंगरी हाय." आणि असल्या मुलीनं पीएचडीला विषय कुठला घ्यावा, तर ज्यात दिवसभर काच तापायची आणि थर वाळायची वाट बघत बसावं लागतं तो. माझं डोकंच फिरलं होतं, दुसरं काय.

विषय म्हणजे सोलर सेल. छपरावर असतात त्या निळ्या पाट्या नव्हेत. आमचा सेल पॉलिमरचा, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचा. काचेवर त्याचा अगदी पातळ थर द्यायचा. उजेड पडला की त्यात वीज तयार होते, पण बाहेर निघता निघता बरीचशी आतल्या आत जिरून जाते. म्हणून प्लास्टिक आणि वीज बाहेर न्यायची वाट यांच्यामध्ये आणखी एक थर घालतात. त्याला बफर थर म्हणतात. नवरात्रात तुळजापूरला देवळाच्या बाहेर पडायच्या दाराशी एक माणूस उभा असतो. तो बाहेर येणाऱ्याला वाट देतो आणि उलट घुसणाऱ्याला हाकलतो. बफर थराचं काम तेवढंच. आमचा थर झिंक ऑक्साईडचा होता आणि तो ज्या द्रावणातून द्यायचा ते द्रावण मी स्वतः करत असे.

या द्रावणात मला एक गोष्ट सापडली होती. इतर दिवशी ताजं करून वापरलं की सेलची क्षमता साडेतीन टक्क्यांच्या आसपास यायची. तेच शनिवारी करून ठेवलं आणि सोमवारी वापरलं की सव्वाचारच्या वर. एकदा नाही, दर सोमवारी. रविवारभर द्रावण मुरतं, आतले कण शांतपणे आपापल्या जागी बसतात आणि त्याचा थर सारखा येतो, असं मी मांडलं. आठवड्याच्या मध्येही एकदा मंगळवारी केलेलं द्रावण गुरुवारी वापरून पाहिलं होतं. ते काही खास निघालं नाही. पण त्या दिवशी वीज चारदा गेली होती, म्हणून मी तो दोष विजेवर टाकला आणि पुन्हा करून पाहायची सवड स्वतःला दिली नाही. काचा मोजक्या होत्या, आणि सोमवारी त्या साऱ्या मुरलेल्या द्रावणालाच लागायच्या.

खरं सांगायचं तर या शोधानं मी बदलले होते. ठेवून दिलेली गोष्ट सुधारते, हे माझ्याच हातून सिद्ध झालं होतं. रविवारी मी खोलीत बसून राहायला शिकले. कपाटात बाटली मुरतेय या विचारानं मला गार वाटायचं.

आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा सोमलिंग सरांनी उभी केली. उमरग्यासारख्या गावात कसलं आलंय संशोधन, असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून केली. "सर, तुमच्या सेलवर एखादा बल्ब तरी लागतो का हो?" हे त्यांनी स्टाफरूममध्ये किती वर्षं ऐकलं असेल, त्यांनाच ठाऊक. आता ते महिनाअखेर निवृत्त होणार होते, आणि जाता जाता आमचा मुरलेल्या द्रावणाचा पेपर परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला होता. छापायच्या आधीचं प्रूफ आलं होतं. ते तपासून आठवडाभरात परत पाठवलं की झालं. प्राचार्य सरांच्या निरोपसमारंभात त्याची घोषणा करणार होते. आणि बेंगळुरूच्या एका संस्थेनं मला सांगून ठेवलं होतं की पेपर छापून आला की ये, जागा धरून ठेवतो. माझी बॅग मी मनात केव्हाच भरली होती.

त्याच आठवड्यात सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापूरला गेले. सोमवारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते.

शनिवारी ठेवलेलं द्रावण काढलं, थर दिले, सेल केले. मग दिवा लावला. या दिव्याला आम्ही 'सूर्य' म्हणतो, कारण त्याचा उजेड उन्हासारखा केलेला असतो. सेल मोजायच्या आधी हा सूर्य नेमका किती तळपतोय ते ठरवावं लागतं. त्यासाठी एक छोटी काळी डबी असते, तिला रेफरन्स सेल म्हणतात. आमच्याकडे ती गेल्या वर्षीच आली होती. किराणा दुकानात शिक्का मारलेलं वजन असतं ना, तसा तिचा मान. तिच्या काचेच्या खिडकीवर उजेड पाडायचा आणि ती बरोबर एक सूर्य दाखवेपर्यंत दिव्याचा नॉब फिरवायचा. मग तिच्या जागी आपला सेल ठेवायचा.

पहिला सेल साडेतीन आला.

दुसरा घेतला. साडेतीन. तिसरा त्याहून किंचित खाली. मी तारांची टोकं बदलली, काच पुसली, संगणक बंद करून चालू केला. आकडा हलेना. मी बाहेर पडून फाटकापर्यंत गेले, चहा सांगितला आणि न पिता परत आले. द्रावण बिघडलं असेल का? शनिवारी हात थरथरला होता का? हवेत ओल होती का? मार्चच्या उन्हात कसली ओल, पण माणूस अशा वेळी काहीही विचार करतं. उरलेल्या काचांवर नव्यानं थर दिले. प्लेटवर काचा तापत होत्या तेवढ्या वेळात मी प्रयोगशाळेतल्या स्टुलांच्या जागा बदलल्या. पुन्हा साडेतीन. मला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

संध्याकाळी दिवा बंद करायला हात नॉबवर गेला आणि तिथंच थांबला. नॉब नेहमीपेक्षा बराच खाली होता. सोमवारी तो वर न्यावा लागतो, हे मला पाठ होतं. सोमवारी गावातले सगळे कारखाने, गिरण्या चालू होतात, विजेचा दाब कमी होतो, म्हणून दिवा मिणमिणतो, असं मी स्वतःला समजावलं होतं. आपल्याकडे कशालाही विजेचं कारण चालतं. मग आज सोमवार नाही का? दाब आजच कसा सुधारला?

आज एकच गोष्ट वेगळी होती. सर नव्हते.

सर दर सोमवारी सकाळी आंघोळ करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून येतात. ड्रॉवरमधली विभूतीची वडी काढतात, बोटं ओली करून तिच्यावर घासतात आणि प्रत्येक यंत्राला तीन बोटं ओढतात. काच गरगर फिरवणाऱ्या यंत्राच्या झाकणाला, हॉट प्लेटच्या कडेला, सूर्याच्या पेटीला. आणि त्या काळ्या डबीलाही. डबी एवढीशी. तिच्यावर तीन बोटं ओढायची तर ती खिडकीवरूनच जाणार.

मी ते पाहिलं नव्हतं का? दर सोमवारी पाहिलं होतं! आमच्या घरी ट्रॅक्टरपासून फ्रीजपर्यंत सगळ्याला विभूती लागते. शिलाईच्या मशिनला लागते, नव्या मोबाईललासुद्धा आईनं लावली होती. जे जन्मापासून सगळ्यावर असतं ते दिसत नाही. मी डबी उचलायची, खिडकीवर ओढणीचं टोक एकदा फिरवायची, विभूतीला पाय लागू नये म्हणून ते टोक कपाळाला लावायची आणि घाईनं कामाला लागायची. त्याच टोकानं मी माझ्या कपाळावरची विभूतीही पुसत असे. माकणीहून येताना आई लावते, सोमवारी सर लावतात. कॉलेजच्या पोरी हसतात, म्हणून मी ती पुसते.

पण ओली लावलेली विभूती वाळल्यावर ओढणीच्या एका फटकाऱ्यानं जात नाही. तिचा पुसटसा पडदा राहतो. मंगळवारी पुसायचं, बुधवारी पुसायचं, मग शनिवारपर्यंत काच साफ. आणि पुन्हा सोमवार.

ड्रॉवर उघडला. वडी तिथंच होती. बोटं ओली केली, वडीवर घासली आणि डबीच्या खिडकीवर तीन पट्टे ओढले. वाळू दिले. मग ओढणीनं पुसले, जशी रोज पुसते तशीच. दिव्याखाली धरून पाहिलं तर काच मला स्वच्छच दिसली, तरी डबी एक सूर्य दाखवेना. नॉब वर नेत गेले आणि तो बरोबर सोमवारच्या जागेवर येऊन थांबला. दुपारी ज्यानं साडेतीन दिले होते तोच सेल ठेवला.

सव्वाचार.

पडदा डबीच्या डोळ्यावर होता. तिला उजेड कमी दिसायचा, म्हणून मी दिवा वाढवायची. वाढलेल्या दिव्याखाली माझा सेल जास्त वीज द्यायचा आणि ती सगळी कमाई मी मुरलेल्या द्रावणाच्या नावावर टाकायची. रविवारी बाटलीत काहीच होत नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा उठावंसं वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस मी माणसात नव्हते. खिडकी स्पिरिटनं धुऊन, ताजं द्रावण आणि ठेवलेलं द्रावण एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली मोजलं. फरक शून्य. थर असलेला सेल आणि थर नसलेला सेल यांत मात्र फरक होता, चांगला होता, पण तो सगळ्या जगाला आमच्या आधीपासून ठाऊक आहे. त्याचा पेपर कोण छापेल? प्रूफ लॅपटॉपवर उघडं होतं. 'पाठवा' एवढंच दाबायचं होतं. कुणाला कळणार होतं? हा विचार मला आला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. आला, आणि चांगला मुक्कामाला राहिला. माझ्यासाठी आला तसा सरांसाठीही आला. आयुष्यभर ज्यांनी टोमणे ऐकले, त्यांच्या हातात निरोपाच्या दिवशी मी काय ठेवणार होते? आणि तेही त्यांच्याच तीन बोटांमुळे?

बुधवारी सर सोलापूरहून आल्याचं कळलं. त्यांच्या गल्लीत मी दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा सरांच्या बायकोनं, उमाबाई काकूंनीच, अंगणातून पाहिलं.

"बा यव्वा, बा! कूतको," काकू नेहमीसारख्या अर्ध्या कन्नडमध्ये म्हणाल्या आणि खुर्ची पुढं सरकवली. "कवाच्यानं बघायलीव, नुसती येरझाऱ्या घालायलीस. आत यायला काय झालं?"

सर काळा चष्मा लावून पलंगावर उशीला टेकून बसले होते. भलतेच खुशीत होते.

"गंगा, ही भिंत बघ. पांढरी हाय का न्हाय? मी दिवाळीपास्नं पिवळी समजत होतो! त्या रंगाऱ्याला उगीच शिव्या घातल्या. पैसे कापले त्याचे."

"सर, मला थोडं बोलायचं हाय."

"प्रूफ पाठवलंस?"

"न्हाय."

"मग कशाला थांबलीस? तू तर कधी थांबत न्हाईस."

मी सांगितलं. आधी आकडा, मग नॉब, मग डबी. विभूतीपाशी आल्यावर माझी जीभ अडखळली, पण तेही सांगितलं. चष्म्याआड डोळे दिसत नव्हते, त्यामुळे मला काहीच अंदाज येईना. मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"ओढणीनं? रेफरन्स सेलची काच तू ओढणीनं पुसतीस? पहिल्या वर्षाच्या पोरालाबी कळतं, ती काच कशी पुसायची ते!"

"आणि तुमी त्याच्यावर विभूती लावता ते?" माझाही तोल गेला.

"ते देवाचं हाय!"

"उजेडाला ते कुठं कळतंय, सर!"

"गप! मला शिकवू नको. इतकी वर्षं लावतोय, आजवर काय बिघडलं न्हाय."

"तवा ती डबी नव्हती, सर. ती गेल्या वर्षी आली."

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "ओरडू नगा म्हणून डाक्टरनं सांगितलंय की न्हाय? येनु आयतु? काय झालं, गं?"

"काय न्हाय," सर म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी तशीच बसून राहिले. उठून जावं असं अंगातला कण नि कण सांगत होता. पाय आपोआप हलायला लागले की मी ते दाबून धरत होते. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. सर त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होते. ती त्यांना नीट दिसत होती आणि माझ्या मनात भलतंच येत होतं की आता हे म्हणणार, जाऊ दे गंगा, पाठवून टाक. म्हणाले असते तर मी पाठवलं असतं. मला ठाऊक आहे, पाठवलं असतं.

"त्या रंगाऱ्याचा नंबर हाय का तुझ्याकडं?" सरांनी काकूंना विचारलं.

"आता त्याचं काय?"

"त्याची माफी मागायची हाय." मग माझ्याकडे वळले. "लॅपटॉप काढ."

त्यांना वाचायची बंदी होती. मी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. रेफरन्स सेलच्या खिडकीवर बाहेरचा थर साचल्यानं आमची मोजणी चुकली, मुरलेल्या द्रावणाचा निष्कर्ष खरा नाही, पेपर मागे घेत आहोत. सरांनी मान हलवली.

"साचला म्हणजे काय? धूळ हाय का ती आपोआप साचायला? कुणी लावला ते लिही."

"कशाला, सर? त्यांना काय करायचंय त्याचं?"

"त्यांना नसंल. मला करायचंय. लिही, सोमलिंग यांनी लावला."

"आणि शिवगंगेनं नीट पुसला न्हाय."

"तेबी लिही. पण माझ्या नावाच्या मागनं. पेपरात तुझं नाव पहिलं होतं. हितं माझं पहिलं राहू दे."

मी लिहिलं, त्यांना पुन्हा वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. बेंगळुरूला फोन मी खोलीवर जाऊन केला. तिकडच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, दुसरा पेपर झाला की बघू, पण जागा तोवर धरून ठेवता येणार नाही. मी थँक्यू म्हणाले आणि फोन ठेवून खोलीत फेऱ्या घालत राहिले. आईला फोन करवेना. मनात भरलेली बॅग रिकामी करायला फार वेळ लागतो.

प्राचार्यांना सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. निरोपसमारंभात घोषणेची वेळ आली तेव्हा सर काळ्या चष्म्यासकट उभे राहिले आणि आमचा पेपर का मागे घेतला ते त्यांनी सगळ्यांसमोर विभूतीसकट सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. ते कोण ते मला दिसलं, आणि समारंभ संपल्यावर मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सरांचा शेवटचा सोमवार उरला होता. त्याच्या आदल्या शनिवारी मी द्रावण केलं. आता ते ठेवायचं काही कारण नव्हतं. त्याच दुपारी वापरलं असतं तरी चाललं असतं आणि आकडाही तोच आला असता. तरी मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती कपाटात ठेवली आणि रविवारभर खोलीत बसून राहिले.

सोमवारी सर आले. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं, तरी कपाळावर तीन पट्टे होते. ड्रॉवरमधून वडी काढली, बोटं ओली केली. फिरत्या यंत्राच्या झाकणाला लावली, हॉट प्लेटला लावली, सूर्याच्या पेटीला लावली. मग डबी उचलली. नव्या डोळ्याजवळ नेऊन खिडकी नीट पाहिली. तीन बोटं वर आली आणि हवेतच थांबली. इतक्या वर्षांचा हात, त्याला कळेना कुठं जायचं. सर तसेच उभे राहिले आणि मला ते बघवेना.

"याला नको," ते स्वतःशीच म्हणाले.

"मग मला लावा," मी पुढं होऊन म्हणाले.

त्यांनी लावली. बोटं ओली आणि गार होती. मग आम्ही दिवा लावला, सेल ठेवला, आणि साडेतीन आला. सरांनी तो मोठ्यानं वाचला. दिवसभर मी त्याच कपाळानं कॉलेजात फिरले, संध्याकाळी तशीच स्टँडवर गेले, माकणीच्या बसमध्ये बसले. पोरी हसल्या. ओढणी खांद्यावरच होती. मी पुसली नाही.